प्रत आणि परत



संगणकातील मजकुराची राखीव प्रत कशी ठेवावी आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे, हा आजचा विषय. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला तो थोडा रुक्ष वाटेल. येथे येणारा श्रोता साहित्य, इतिहास, राजकारण ह्यांवर ऐकावयास येतो; यंत्राच्या पोटात काय चालते ते ऐकावयास येत नाही. परंतु ज्या ज्या गोष्टींवर येथे भाषणे होतात, त्या सर्व गोष्टी आता त्या यंत्राच्या पोटातच साठत चालल्या आहेत. वकिलांकडील पक्षकारांचे कागद, डॉक्टरांकडील रुग्णांच्या नोंदी, दुकानदाराची टॅलीतील खाती, मुद्रकाने जुळवून ठेवलेली पुस्तके, प्राध्यापकांचे अर्धवट प्रबंध आणि घरोघरची लग्ना-मुंजीची छायाचित्रे ही सारी एका हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. ती एक वस्तू बंद पडली, की दहा-पंधरा वर्षांची मेहनत एका क्षणात जाते. म्हणून हा विषय यंत्र जाणणाऱ्यांचाच आहे असे आम्ही मानत नाही. तो ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे त्या प्रत्येकाचा आहे.

प्रथम ह्या वस्तूचा थोडा परिचय करून घेऊ. फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर मजकूर साठवणारे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज एक टेराबाइटची डिस्क खिशात मावते आणि तिच्यावर एक लाख कोटी अक्षरे राहतात. म्हणजे तशी दोन लाख यंत्रे आपण खिशात घालून हिंडतो. सामर्थ्य असे वाढले, त्याच प्रमाणात एका आघाताने होणारे नुकसानही वाढले. पूर्वी घरात आग लागली तरी दप्तरातील चार वह्या कोणी तरी बाहेर काढी. आता दप्तर एकच, आणि ते जाते तेव्हा समूळ जाते. त्यात फिरती डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा खडखडते, संथ होते, काही सूचना देते. एसएसडी मात्र काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालते आणि आज सकाळी तिचा पत्ताच लागत नाही, असेही घडते.

ह्यावर उपाय म्हणजे प्रत ठेवणे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. घोटाळा होतो तो पुढे. 'प्रत' ह्या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी समजतो, आणि बाजारातील सॉफ्टवेअरवाले ह्या घोटाळ्यात भरच घालतात. त्या तीन गोष्टी आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे फाइलींची नक्कल. आपण आपली पत्रे, हिशोब, छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. हे सोपे आहे, रोज करता येते, आणि एखादी फाइल चुकून पुसली गेली तर ती लगेच परत मिळते. परंतु त्यात विंडोज नसते, टॅली नसते, प्रिंटरची जुळवाजुळव नसते. डिस्क मेली तर हे सारे नव्याने बसवण्यात दोन-चार दिवस जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लोन. ह्यात एका डिस्कवरचे सर्व काही, म्हणजे संगणक सुरू करून देणारा अदृश्य भागसुद्धा, दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उमटवतात. जुनी काढावी, नवी बसवावी, बटण दाबावे, की यंत्र जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू होते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना हाच मार्ग सोयीचा असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे इमेज. सबंध डिस्कचे हे एक चित्रच म्हणा ना. ते आवळून एका मोठ्या फाइलीत भरून ठेवतात. त्यावरून यंत्र थेट चालू होत नाही. ते आधी दुसऱ्या डिस्कवर उलगडावे लागते. पण एका मोठ्या डिस्कवर अशी अनेक चित्रे राहू शकतात: जानेवारीचे, फेब्रुवारीचे, मार्चचे. पहिले चित्र पूर्ण घेऊन पुढे फक्त बदललेला भाग टिपत जाण्याची सोयही पुष्कळ सॉफ्टवेअरांत असते, त्यामुळे जागा व वेळ दोन्ही वाचतात.

आता पुष्कळांचा असा समज असतो, की क्लोन करून कपाटात ठेवला म्हणजे आपण सुरक्षित झालो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे पोथ्यांची नक्कल करणारे लेखक शेवटी अशा अर्थाची ओळ घालीत, की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्ध जे असेल त्याचा दोष आमच्याकडे नाही. क्लोनचे ब्रीद नेमके हेच आहे. तो प्रामाणिक आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणातच धोका आहे. आपल्या यंत्रात व्हायरस शिरला असेल तर तो व्हायरसची उत्तम प्रत काढील. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवाने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, हे आपल्याला आठवत असेल. अशा यंत्राचा क्लोन दुसऱ्या दिवशी काढला, तर कुलूपबंद फाइलींचाच क्लोन मिळणार. आणि तो कालच्या चांगल्या क्लोनवर उमटवला, तर चांगली प्रतही आपल्याच हाताने पुसली जाणार. क्लोनला भूतकाळ नसतो. ज्याला 'गेल्या महिन्यात हा हिशोब कसा होता' असे विचारावयाचे आहे, त्याला इमेजच हवी, आणि ती एकाहून अधिक तारखांची हवी.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. 'मला काय परत हवे आहे, आणि किती वेळात?' ज्या दवाखान्यात सकाळी नऊ वाजता रुग्णांची रांग लागते त्याला तासाभरात चालू होणारा क्लोन हवा, आणि शिवाय जुन्या तारखांच्या इमेजही हव्यात. ज्याच्या घरी फक्त छायाचित्रे व पत्रे आहेत त्याला फाइलींची नक्कल पुरते. विंडोज आठ दिवसांनी बसले तरी त्याचे काही अडत नाही. प्रश्नाचे उत्तर ठरले, की निवडीचे काम अर्धे झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही पाच कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी बाहेरून सुरू होण्याची. ज्या दिवशी प्रतीची गरज लागते, त्या दिवशी आपले यंत्र मेलेले असते. मग त्यात बसवलेले सॉफ्टवेअर काय कामाचे? म्हणून पेनड्राइव्हवरून स्वतःच्या बळावर यंत्र सुरू करून देण्याची सोय त्यात हवीच. ही पेनड्राइव्ह सॉफ्टवेअर घेतल्या दिवशीच तयार करावी आणि तिने आपले यंत्र खरोखर सुरू होते की नाही ते पाहावे. विहीर आग लागण्यापूर्वी खणतात.

दुसरी कसोटी पडताळणीची. इ.स. १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. कारण नकलांवरून नकला होताना त्यांत पाठभेद शिरले होते. यंत्राची नक्कल माणसासारखी कंटाळत नाही, परंतु सैल केबल, खराब जागा, मध्येच गेलेली वीज ह्यांनी तीही बिघडते. चांगले सॉफ्टवेअर प्रत काढून झाल्यावर ती पुन्हा वाचून मूळ आकडेमोडीशी ताडून पाहते. ह्यात वेळ जातो. सेकंदाला शंभर मेगाबाइट ह्या वेगाने एक टेराबाइट उतरवण्यास पावणेतीन तास लागतात, आणि पडताळणीला जवळजवळ तितकाच वेळ आणखी लागतो. म्हणून लोक ती खूण काढून टाकतात. ती काढू नये.

तिसरी कसोटी चालू यंत्राची प्रत घेण्याविषयी. आपण टॅलीत नोंदी करीत असतानाच प्रत निघत असेल, तर अर्धी नोंद जुनी व अर्धी नवी असे होऊ शकते. विंडोजमध्ये ह्यासाठी एका क्षणाची स्थिती गोठवून धरण्याची योजना आहे, आणि चांगली सॉफ्टवेअरे तिचा उपयोग करतात. जी पेनड्राइव्हवरून चालतात त्यांना हा प्रश्नच नसतो, कारण तेव्हा मूळ यंत्रणा झोपलेली असते.

चौथी कसोटी कुलपाची. आजकाल पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करूनच येते, आणि मालकाला त्याची वार्ताही नसते. त्या कुलपाची आपत्कालीन किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची असते. ती कागदावर लिहून ठेवलेली नसेल, तर उत्तम क्लोनही बंद पेटीसारखा हाती राहील. उलट, विंडोज चालू असताना घेतलेली इमेज बहुधा उघडी असते. ती ज्याच्या हाती पडेल त्याला आपले सारे वाचता येईल. म्हणून इमेजला स्वतःचा पासवर्ड घालण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

पाचवी कसोटी दीर्घायुष्याची, आणि ही बहुतेक जण विसरतात. न्यूझीलंडमध्ये १९९० नंतरच्या दशकात 'घोस्ट' नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. ते इतके लोकप्रिय झाले, की डिस्कची प्रत काढणे ह्याला लोक 'घोस्ट करणे' असेच म्हणू लागले. १९९८ साली ते सिमँटेक कंपनीने विकत घेतले आणि २०१३ साली नॉर्टन घोस्टची विक्री बंद केली. 'मॅक्रियम रिफ्लेक्ट' ह्या इंग्लंडमधील सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अनेकांनी वर्षानुवर्षे वापरली; २०२४ च्या आरंभी कंपनीने तिचा आधार काढून घेतला. ह्यात कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. धंदा हा धंदा आहे. परंतु ज्या इमेज आपण दहा वर्षांनी उघडणार, त्या उघडणारे सॉफ्टवेअर तेव्हा मिळेल का, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. प्रतीबरोबर ती उघडणारी पेनड्राइव्हही जपून ठेवावी.

ह्या कसोट्या लावून प्रत्यक्ष बाजाराकडे पाहू. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले 'क्लोनझिला' हे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते पेनड्राइव्हवरून चालते, डिस्कचा वापरलेला भागच उचलते, इमेज उलगडण्याजोगी आहे का हे तपासण्याची सोय देते, आणि त्याची घडण उघडी असल्याने उद्या मूळ मंडळी थांबली तरी दुसरे ती चालवू शकतील. मात्र त्याचे पडदे रुक्ष आहेत, ज्या डिस्कवर उमटवावयाचे ती सामान्यतः मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते, आणि इमेजमधून एखादीच फाइल काढून घेणे अवघड जाते. हेच काम चित्रमय पडद्यावर करून देणारे 'रेस्क्यूझिला' आहे. ते क्लोनझिलाच्या इमेजही वाचते. ज्यांना ठरल्या वेळी आपोआप प्रत निघावी, रोज फक्त बदल टिपले जावेत, आणि इमेजमधील एकच फाइल चटकन उघडावी असे वाटते, त्यांना मॅक्रियम किंवा अॅक्रोनिस ह्यांसारखे विकतचे सॉफ्टवेअर सोयीचे पडते; मात्र आता त्याचे पैसे बहुधा दरवर्षी भरावे लागतात, हे ध्यानात घ्यावे. एसएसडी बनवणाऱ्या काही कंपन्या क्लोनचे सॉफ्टवेअर फुकट देतात. एकदा डिस्क बदलण्यापुरते ते पुरेसे असते, पण ते बहुधा त्याच कंपनीची डिस्क जोडलेली असताना चालते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. विकतचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून फुकट वापरण्याची चाल आपल्या गावोगाव आहे. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. प्रतीचे सॉफ्टवेअर म्हणजे ज्याच्या हाती आपण सबंध घराच्या किल्ल्या देतो असा नोकर. तो नोकर कोणी अनोळखी माणसाने रात्री आणून सोडलेला असावा, हे शहाणपणाचे आहे काय? पैसे द्यावयाचे नसतील तर क्लोनझिला फुकट आहे आणि कायदेशीरही आहे.

आणखी दोन धोके थोडक्यात सांगतो. क्लोन करताना मूळ कोणती व लक्ष्य कोणती, ह्यात उलटापालट झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते आणि सर्व नाहीसे होते. युनिक्समधील 'डीडी' ह्या जुन्या आज्ञेला जाणकार थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते ह्यामुळेच. दोन्ही डिस्कांचे आकारमान व नाव कागदावर लिहून मगच बटण दाबावे. दुसरा धोका आजारी डिस्कचा. जी डिस्क खडखडू लागली आहे तिला नेहमीच्या क्लोनिंगला जुंपू नये; ते एकेका खराब जागेशी झगडत तिचा उरलेला जीव घेते. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचे वेगळे साधन आहे. ते आधी चांगला भाग उचलते आणि वाईटाकडे शेवटी वळते. मजकूर मोलाचा असेल, तर डिस्क बंद करून जाणत्याकडेच द्यावी. आणि दुरुस्तीवाल्याने 'फॉरमॅट मारून टाकू' असे म्हटले, तर प्रत हाती आल्याशिवाय होकार देऊ नये.

आता आम्ही विषयाच्या गाभ्याकडे येतो. ज्या पाच कसोट्या सांगितल्या, त्या सर्वांहून मोठी एक कसोटी आहे आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरच्या वेष्टनावर छापलेली नसते. प्रत परत आणून पाहिली आहे काय?

गिटलॅब ह्या कंपनीकडे जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ठेवावयास देतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे तीनशे गिगाबाइटमधील साडेचार गिगाबाइट उरले. त्यांच्याकडे प्रतीची एक सोडून पाच साधने होती. शोधू लागल्यावर कळले, की त्यांतील एकही भरवशाने चालत नव्हते. एक साधन आवृत्त्यांच्या फरकामुळे कित्येक दिवस मुकाट्याने अपयशी होत होते, आणि त्या अपयशाची सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोचत नव्हती. अखेर एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, आणि तिच्यावर निभावले. सहा तासांचे काम मात्र गेले. ही सारी हकीगत कंपनीने स्वतः उघडपणे प्रसिद्ध केली, हे तिचे मोठेपण.

दुसरे उदाहरण मुलांनाही कळण्याजोगे आहे. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचे काम चालू असताना एका आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट निघतच नव्हत्या आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. गॅलिन सुसमन ह्या बाई मूल लहान असल्यामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ती गाडीत घालून जपून आणली आणि चित्रपट वाचला.

अशा मोठमोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपण सॉफ्टवेअरने दाखवलेल्या 'यशस्वी' ह्या एका शब्दावर विसंबून कसे चालेल? जी प्रत एकदाही परत आणून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हे. ती एक आशा आहे. म्हणून आमच्या मते सॉफ्टवेअरची खरी निवड अशी करावी. एक रिकामी, साधी डिस्क विकत घ्यावी. मनात असलेल्या सॉफ्टवेअरने प्रत काढावी, ती त्या रिकाम्या डिस्कवर उलगडावी, यंत्रातील मूळ डिस्क काढून ही बसवावी, आणि यंत्र चालू करून आपले पाच महत्त्वाचे कागद उघडून पाहावेत. मूळ व क्लोन एकाच वेळी जोडून यंत्र सुरू करू नये. दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज गोंधळते. पाचही कागद उघडले, तर ते सॉफ्टवेअर आपले. न उघडले, तर त्याची कीर्ती कितीही असो, ते आपले नव्हे. ज्यांच्या यंत्रातील डिस्क काढता येत नाही, त्यांनी निदान पेनड्राइव्हने यंत्र सुरू करून इमेज वाचता येते एवढे तरी पाहावे.

कोणी म्हणेल, 'आमचे सारे क्लाउडवर आहे, हा खटाटोप कशाला?' क्लाउड चांगलेच आहे. गावाबाहेर एक प्रत आपोआप राहते. परंतु त्यातील पुष्कळ सेवा जुळवून घेण्याच्या आहेत, जपून ठेवण्याच्या नव्हेत. येथे फाइल पुसली, की तेथेही पुसली जाते. थोडे दिवस ती कचऱ्याच्या टोपलीत राहील, पुढे नाही.

गावाबाहेर प्रत असावी हे मात्र अगदी खरे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच टेबलाच्या खणातील राखीव डिस्क ही दोन्ही एकदमच बुडतात. पीटर क्रोग ह्या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: मजकूर तीन ठिकाणी, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्याला दोन बाहेरच्या डिस्क पुरतात. एक घरी, एक बहिणीकडे किंवा मित्राकडे, आणि महिन्याने अदलाबदल. जी डिस्क यंत्राला जोडलेली नाही, तिला खंडणीखोर हात लावू शकत नाही. व्यापाऱ्यांना तर आता कायद्याचीही जोड आहे. कंपनी कायद्याखालील नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कंपन्यांना हिशोबांची राखीव प्रत रोज ठेवणे बंधनकारक झाले आहे.

शेवटी एक सूचना. खंडेनवमीला आपण हत्यारे-अवजारे पुसूनपासून मांडतो, आणि आजकाल संगणकालाही हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवतो. ती पूजा आम्हांला आवडते. ज्यावर आपले पोट चालते त्याचे स्मरण करणे हा उत्तम संस्कार आहे. त्या दिवशी फूल ठेवण्यापूर्वी कपाटातील राखीव डिस्क काढावी, तिच्यावरून पाच कागद परत आणून पाहावेत, पेनड्राइव्हने यंत्र सुरू होते का तपासावे, आणि वहीत तारीख घालावी. वर्षातून एक सकाळ. सुतार आपल्या करवतीची धार पाहतो, शेतकरी नांगराचा फाळ पाहतो. आपण आपली प्रत पाहावी. मग कोणते सॉफ्टवेअर चांगले, हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.